जठरातले पॉलिप: कोणता काढायचा, कोणता नुसता बघायचा?

समिधा_देवगड

आईचं वय ६१. मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. रोजची औषधं: अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४०, मेटफॉर्मिन आणि सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी पॅन्टोप्रॅझोल ४०. ही शेवटची गोळी स्टेंटच्याही आधीपासून, म्हणजे सहा वर्षं चालू आहे. चढण चढताना दम लागतो म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७ निघालं. त्यावरून एंडोस्कोपी केली. रिपोर्ट थोडक्यात असा:

फंडस आणि बॉडीमध्ये (जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात) ३ ते ५ मिमीचे आठ-दहा सेसाइल (बिनदेठाचे) पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या गाठी. अँट्रममध्ये (जठराच्या खालच्या भागात) एकच, १२ मिमी, लालसर, पृष्ठभाग खरवडलेला. ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) नॉर्मल. रॅपिड युरिएज टेस्ट (एच. पायलोरी जंतूची तपासणी) पॉझिटिव्ह. वरच्या आणि खालच्या पॉलिपच्या बायोप्सी वेगवेगळ्या पाठवल्या आहेत.

बायोप्सीला अजून पाच-सहा दिवस आहेत. तोवर हे विचारायचंय: यात कॅन्सरची भीती किती? सगळेच काढावे लागतात का? सहा वर्षांच्या गोळीमुळे हे झालं असेल तर ती आजच बंद करू का? काढायचं ठरलं तर अ‍ॅस्पिरिनचं काय? आणि एप्रिल अर्धा गेलाय, पाऊस सुरू व्हायच्या आत हे उरकणं शक्य आहे का? जूननंतर घाटाचा भरवसा नसतो. शेजारपाजारचे खाऱ्या माशावर खापर फोडतायत, त्यात तथ्य आहे का तेही सांगा.

जठरमार्ग

समिधाताई, रिपोर्ट नीट उतरवून दिलात, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

एंडोस्कोपीत पॉलिपची जागा, आकार आणि पृष्ठभाग कळतो. जात कळते बायोप्सीत, आणि धोका ठरतो जातीवर. जठरात मुख्यतः तीन जाती भेटतात. फंडिक ग्रंथींचे पॉलिप जठराच्या वरच्या भागात, लहान, गुळगुळीत, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे असतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल अशा गोळ्या वर्षभराहून जास्त घेणाऱ्यांत ते वाढतात. यांचा कॅन्सर होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. एकदा बायोप्सीने जात पक्की झाली की १ सेंमीपेक्षा लहान असलेले तसेच ठेवतात. दुसरी जात हायपरप्लास्टिक. हे बहुधा सुजलेल्या अस्तरावर उगवतात आणि ती सूज बऱ्याचदा एच. पायलोरी जंतूची असते. रंगाने लाल, वरून सोललेले, आणि थेंबथेंब रक्त गाळणारे. धोका थोडा, पण शून्य नाही, आणि १ सेंमीच्या पुढे तो वाढतो. तिसरी जात अ‍ॅडिनोमा. ती कॅन्सरच्या वाटेवरची समजायची, आणि आकार कितीही असो, पूर्ण काढायची.

वर्णनावरून अँट्रममधला १२ मिमीचा हायपरप्लास्टिक वाटतो. तो काढावा लागेल असंच धरून चाला.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट हिमोग्लोबिनची. एकसष्टाव्या वर्षी लोह इतकं खाली गेलं आणि जठरात एक पॉलिप सापडला, म्हणजे कारण मिळालं असं समजून थांबू नका. पाळी बंद झालेल्या बाईच्या शरीरातून लोह जातंय तर मोठं आतडंही बघायलाच हवं, म्हणजे कोलोनोस्कोपी. जठरात काहीतरी दिसलं म्हणून आतड्याची तपासणी मागे पडते आणि तिथली गाठ वर्षभराने कळते, असं होऊ देऊ नका. पॉलिप काढायच्या दिवशीच दोन्ही एकत्र करून मिळतं. उपास एकच, भूल एकच, खेपही एकच.

पॅन्टोप्रॅझोल आज बंद करू नका. वय साठीपुढचं आणि अ‍ॅस्पिरिन चालू, अशा माणसाच्या पोटाला संरक्षण लागतं. शिवाय सहा वर्षांची गोळी एका दिवसात सोडली की आम्ल उसळून येतं, दोन-तीन आठवडे छातीत आग होते, आणि पेशंट घाबरून दुप्पट गोळ्या घ्यायला लागतो. तिचा डोस कमी करायची वेळ येईल, पण ती नंतर.

ऊतीपरीक्षक_रत्नागिरी

वरच्या उत्तराशी सहमत, एक भर घालतो. जठरात एच. पायलोरी असतो तेव्हा फंडिक ग्रंथींचे पॉलिप सहसा कमी सापडतात. म्हणून 'वरचे आठ-दहा गोळीचेच' असं आधीच धरू नका. तेही हायपरप्लास्टिक निघू शकतात. तसं निघालं तर बॉडीचं अस्तर झिजलंय का हे बघावं लागतं, आणि मग बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या जोडाव्या लागतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तसंही एकदा करून घ्या.

रिपोर्ट हातात आल्यावर पुढच्या गोष्टी त्यात आहेत का ते पाहा. प्रत्येक जागेच्या पॉलिपची जात. डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरकडे झुकणारा पेशींतला बदल, आहे की नाही, असल्यास लो ग्रेड (सौम्य) की हाय ग्रेड (तीव्र). एच. पायलोरी दिसला का. अस्तराची झीज आणि इंटेस्टायनल मेटाप्लेसिया (जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं) आहे का, आणि तो फक्त अँट्रममध्ये की बॉडीतही. हा शेवटचा मुद्दा बरेच जण वाचतच नाहीत. पॉलिप निघून जातो पण अस्तर तिथंच राहतं, आणि पुढे किती वर्षांनी एंडोस्कोपी करायची हे त्या अस्तरावर ठरतं. म्हणून पॉलिपचा तुकडा पुरत नाही, आजूबाजूच्या साध्या अस्तराचेही तुकडे लागतात: अँट्रमचे दोन, वळणावरचा एक, बॉडीचे दोन. पहिल्या वेळी घेतले नसतील तर पॉलिप काढताना घ्यायला सांगा.

तुकडा कसा पाठवला यावरही बरंच अवलंबून असतं. बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा. तो काढल्याबरोबर १० टक्के फॉर्मलिनच्या बाटलीत जायला हवा, फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट, आणि प्रत्येक जागेची बाटली वेगळी. घाईत सलाइनमध्ये टाकून संध्याकाळच्या गाडीने पाठवला तर पेशी गळून गेलेल्या मिळतात आणि रिपोर्टवर 'नमुना अपुरा' एवढंच येतं. बाटल्या एकत्र झाल्या तर डिस्प्लेसिया दिसला तरी तो वरच्या पॉलिपचा की खालच्या, हे सांगता येत नाही. तुमच्याकडे दोन बाटल्या वेगळ्या गेल्यात, हे चांगलं झालं.

आणि १२ मिमीच्या पॉलिपमधून चिमटीने काढलेला तुकडा म्हणजे सगळा पॉलिप नव्हे. बायोप्सीत डिस्प्लेसिया नाही आला तरी तो बाकीच्या भागात असू शकतो. त्यासाठीच मोठा पॉलिप अख्खा काढून तपासतात.

औषधालय_कुडाळ

एच. पायलोरीच्या औषधांबद्दल सांगतो, कारण गाडी नेमकी इथं घसरते.

कोर्स १४ दिवसांचा. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू भरपूर आहेत, त्यामुळे बिस्मथसह चार औषधांचा कोर्स बरेच डॉक्टर पसंत करतात: आम्लाची गोळी दिवसातून दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल. काकूंच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० एकत्र चालत नाहीत, स्नायूंना इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिनचंच किट लिहून दिलं असेल तर ते १४ दिवस स्टॅटिनचं काय करायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याला सगळी चालू औषधं दाखवा, पाकिटासकट.

टेट्रासायक्लिन दूध, दही, ताक, अँटासिड किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं तर पोटातच अडकून वाया जातं. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी हे १४ दिवस थांबवायची की वेळ बदलून चालू ठेवायची, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. भरपूर पाण्याबरोबर, बसून गिळायची. झोपायच्या तोंडावर आडवं होत गिळली तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळतं. पाचव्या-सहाव्या दिवशी 'आता पोट बरं आहे' म्हणून कोर्स सोडणारे इथेच सोडतात. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून वाचलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाही. बिस्मथने शौचाचा रंग काळा होतो, जीभही काळी दिसते. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

जंतू गेला का हे रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीने कळत नाही, ती जंतू गेल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शौचातली अँटिजेन तपासणी लागते. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि त्याआधीचे दोन आठवडे पॅन्टोप्रॅझोल बंद ठेवून. ब्रेथ टेस्ट आपल्या भागात सहज मिळत नाही. शौचाचा नमुना मात्र कलेक्शन सेंटरमधून मुंबईला जातो; थंड ठेवून पाठवतात का एवढं विचारा.

समिधा_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. बायोप्सी आली. वरचे: फंडिक ग्रंथींचे पॉलिप, डिस्प्लेसिया नाही. अँट्रमचा: हायपरप्लास्टिक, डिस्प्लेसिया नाही, पृष्ठभागावर व्रण. अँट्रमच्या अस्तरात एच. पायलोरी आणि थोडा इंटेस्टायनल मेटाप्लेसिया. बॉडीचं साधं अस्तर घेतलेलं नाही. बी-१२ ठीक आहे.

डॉक्टर म्हणाले, आधी कोर्स करू, मग दीड महिन्याने पॉलिप काढू. दुसऱ्या एकांनी सांगितलं, जंतू गेला की पॉलिप आपोआप जिरतो, सहा महिने थांबा. कोणाचं ऐकावं? आणि काढताना नेमकं काय करतात? आई विचारते, पोट कापतात का?

जठरमार्ग

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. जंतू गेल्यावर हायपरप्लास्टिक पॉलिप लहान होतात, बऱ्याच जणांत पूर्ण जिरतातही, म्हणून लहान आणि त्रास न देणाऱ्या पॉलिपला तीन ते सहा महिने देतात. तुमच्या आईचा १ सेंमीपेक्षा मोठा आहे, वर व्रण आहे, लोह जातंय. मी असतो तर सहा महिने थांबलो नसतो. दीड महिन्याचा बेत योग्य आहे.

त्या दीड महिन्यात क्रम मात्र चुकू देऊ नका. १४ दिवसांचा कोर्स. त्यानंतर चार आठवडे, त्यातले शेवटचे दोन पॅन्टोप्रॅझोलशिवाय. अ‍ॅस्पिरिन चालू असल्यामुळे त्या पंधरवड्यात फॅमोटिडिन (आम्ल कमी करणारं वेगळ्या प्रकारचं औषध) देता येतं, डॉक्टरांना तसं सुचवा. मग शौचाची अँटिजेन तपासणी. नमुना दिला की मग पॉलिप काढायची तारीख. हा क्रम का, तर पॉलिप काढल्यावर जखम भरेपर्यंत चार ते आठ आठवडे पॅन्टोप्रॅझोल पूर्ण डोसमध्ये घ्यावंच लागतं. तपासणी आधी केली नसेल तर ती दीड-अडीच महिने लांबते, आणि मग ती राहूनच जाते. एप्रिलच्या शेवटी कोर्स सुरू केलात तर जूनचा पहिला-दुसरा आठवडा येतो. पाऊस तोंडावर असेल, म्हणून कोर्स लगेच सुरू करा, आंब्याचा हंगाम संपायची वाट बघू नका.

लोहाच्या गोळीने चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ते २ ने वर यायला हवं. आम्लाची गोळी चालू असताना लोह कमी शोषलं जातं. त्यामुळे आकडा हलला नाही तर शिरेतून लोह द्यायला सांगा, गोळ्या बदलत बसू नका. चहा लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. कोलोनोस्कोपीच्या आधी आठवडाभर लोहाची गोळी बंद ठेवायची, नाहीतर आतड्याची भिंत काळपट दिसते आणि बारीक काही सुटून जातं.

पोट कापत नाहीत. तोंडातून तीच एंडोस्कोपीची नळी जाते. नळीच्या आतल्या वाटेतून बारीक सुई घालून पॉलिपच्या बुडाखाली सलाइन टोचतात, त्यात थोडं अ‍ॅड्रिनालिन आणि निळा रंग मिसळलेला असतो. त्याने अस्तर खालच्या स्नायूच्या थरापासून वर उचललं जातं आणि निळ्या उशीवर पॉलिप उभा राहतो. मग तारेचा फास बुडाशी बसवून आवळायचा आणि विद्युतप्रवाह देऊन कापायचं. द्रव टोचूनही बुड उचललंच नाही तर आत खोलवर काहीतरी धरून आहे अशी शंका घेतात, आणि तिथंच थांबतात. जठराला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून कापलेल्या जागी गरजेप्रमाणे धातूच्या क्लिपा लावतात. त्या काही आठवड्यांत आपोआप गळून शौचातून जातात, पण तोवर एमआरआय करायची वेळ आली तर क्लिप आहे हे सांगायचं. कापलेला पॉलिप जाळीत धरून बाहेर काढून तपासणीला गेलाच पाहिजे. 'पॉलिप मिळाला का?' हे बाहेर आल्यावर विचारा.

वरच्या आठ-दहांना हात लावायची गरज नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या जठरात असे वीसच्या वर असते, किंवा ड्युओडेनममध्ये अ‍ॅडिनोमा असता, तर आनुवंशिक पॉलिपोसिसच्या (घराण्यात चालणाऱ्या, खूप पॉलिप होण्याच्या आजाराच्या) दिशेने बघावं लागलं असतं. इथे तसं नाही.

एंडो_सिस्टर

तयारीचं मी सांगते. घन अन्न ८ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. कोलोनोस्कोपी सोबत असेल तर आदल्या दिवशी पातळ आहार आणि जुलाबाचं औषध, त्याचं वेगळं वेळापत्रक देतात. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊ नका, ती कधी घ्यायची हे लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिन ७५ सहसा चालूच ठेवतात. स्टेंट असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करणं पॉलिपपेक्षा जास्त धोक्याचं. जे क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी औषधं घेतात त्यांची गोष्ट वेगळी: ती पाच-सात दिवस आधी थांबवावी लागते, पण हृदयाच्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच. हलणारे दात, कवळी, औषधांची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. रक्तगट तपासून ठेवा.

खरी काळजी नंतरची. रक्तस्राव बहुधा पहिल्या दोन दिवसांत होतो, पण दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. म्हणून त्याच रात्री गाडी पकडून गावी जाऊ नका. कोल्हापूरला करा, गोव्यात बांबोळीला करा की मुंबईला, एक-दोन रात्री तिथेच जवळपास राहा. बांबोळीला महाराष्ट्रातल्या रुग्णांना शुल्क पडतं, ते आधी विचारून घ्या. राज्याच्या जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या, नंतर अर्ज करून उपयोग होत नाही. भूल दिल्यावर २४ तास सोबत माणूस हवा.

पहिल्या दिवशी गार झालेली पातळ पेज. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, वरण, आटवल. आठवडाभर तिखट, कडक, गरमगरम टाळा. आंब्याच्या पेट्या उचलणं, हंडा-कळशी, विहिरीचं पाणी शेंदणं दोन आठवडे बंद. गुडघेदुखीसाठी कुठल्याही वेदनाशामक गोळ्या किंवा बिननावाच्या पुड्या घ्यायच्या नाहीत, लागलं तर पॅरासिटामॉल.

लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, त्यात फरक ओळखा. लोहाचं काळं हिरवट छटेचं, बांधलेलं असतं. रक्ताचं काळं डांबरासारखं चिकट, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतं, आणि त्याला उग्र, वेगळाच वास येतो. तसं दिसलं, रक्ताची उलटी झाली, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, थंड घाम आला, किंवा पोट दगडासारखं कडक होऊन दुखू लागलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, तोंडाने काही देऊ नका, पॉलिप काढल्याचा कागद सोबत ठेवा. पावसात रस्ता बंद होणारं गाव असेल तर तो पंधरवडा तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे काढलेला बरा.

ऊतीपरीक्षक_रत्नागिरी

खाऱ्या माशाचं राहिलं. मिठात मुरवलेले पदार्थ रोज आणि भरपूर खाण्याचा जठराच्या कॅन्सरशी संबंध आहे, एच. पायलोरी असलेल्या अस्तरावर जास्तच. पण आईचा पॉलिप खाऱ्या बांगड्याने झाला असं म्हणता येणार नाही. एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात घातलंय, आणि तो आईच्या रिपोर्टमध्ये समोर आहे. खारा मासा कधीतरी, पाण्यात भिजवून मीठ उतरवून खा. सोलकढी, ताजी मासळी चालेल. कुठलाही पाला किंवा काढा पॉलिप विरघळवत नाही. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने जठराच्या कॅन्सरचा धोका नक्की वाढतो. मिश्रीचा फटका मुख्यतः तोंडाला बसतो, पण तीही सोडायचीच.

काढलेल्या पॉलिपच्या रिपोर्टमध्ये 'कडा मोकळ्या' (कापलेल्या कडेपर्यंत पॉलिप पोचलेला नाही) आहेत का बघा. डिस्प्लेसिया नाही आणि कडा मोकळ्या, तर साधारण वर्षाने एक एंडोस्कोपी. त्यापुढचं अस्तरावर: झीज किंवा मेटाप्लेसिया अँट्रम आणि बॉडी दोन्हीकडे पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी. बॉडीचे तुकडे घेतलेले नाहीत म्हणून हे आज ठरत नाही, तेवढे या वेळी आठवणीने घ्यायला लावा. अ‍ॅडिनोमा निघाला असता तर पहिली तपासणी सहा महिने ते वर्षाच्या आत आणि मग दरवर्षी. दुसरं मत घ्यायची वेळ आली तर नुसता कागद पुरत नाही, प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या. तो रुग्णाचा हक्क आहे.

जठरमार्ग

पॅन्टोप्रॅझोलचं शेवटचं: जखम भरल्यावर ४० वरून २० वर आणायला सांगा. अ‍ॅस्पिरिन आहे तोवर २० राहू द्या. डोस कमी झाला की वरचे छोटे पॉलिप काही महिन्यांत कमी होतात, नाही झाले तरी चालतं. आणि एच. पायलोरी घरातल्यांत पसरतो, मुख्यतः लहानपणी. आईच्या सख्ख्या नात्यात कोणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तुम्ही भावंडांनीही शौचाची तपासणी करून घ्या. कोलोनोस्कोपीत काय निघतं ते इथे कळवा.